दीड किलो

महेश्वर मालकांनी टॉवेलची दोन टोकं धरून ओढली. फारसा जोरही लावला नव्हता. तरी टॉवेल मधोमध फाटला आणि कापसाचा ओला भुगा त्यांच्या बुटांवर पडला.

"चनबसप्पा, हे काय हो?"

टॉवेल कारखान्याच्या डाय हाऊसमध्ये, म्हणजे रंगखात्यात, फरशीवर पाचशे किलो टॉवेलांचा ढीग पडला होता. सगळे तसलेच. जर्मनीच्या नव्या ग्राहकासाठी काढलेला हा पहिला माल. रंगखातं सांभाळणाऱ्या चनबसप्पा मास्तरांनी वाकून एक टॉवेल उचलला आणि अंगठ्याने चोळून पाहिला. तीस वर्षं रंगाच्या पाण्यात हात घालून त्यांची नखं कायमची निळी झाली होती.

"एन्झाइम जास्ती झालंय, मालक. कापूसच खाल्ला त्यानं."

"टाकलं किती?"

"कागदावर पंधरा किलो हुतं. पंधरा टाकलं." तो कागद लिहून देणारी ऑफिसातली श्रीदेवी दाराशी उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं. "म्या इचारलं बी हुतं की, पोरी. एवढं कसं म्हनून."

विचारलं होतं. टॉवेल मऊ व्हावा म्हणून शेवटच्या पाण्यात घालायचं ते एन्झाइम मास्तर एरवी किलो-दोन किलोच्या वर जाऊ देत नसत. कागद हातात घेऊन ते ऑफिसच्या खिडकीशी आले होते. तेव्हा संगणकावरून मान न वळवता ती म्हणाली होती, "मामा, जर्मनीवाल्यांनी दिलंय तसंच लिहिलंय की. त्यांना जास्त मऊ लागतो."

"मूळ कागद बघून या," मालक तिला म्हणाले.

श्रीदेवी ऑफिसात गेली आणि तिने जर्मनीहून आलेला तक्ता उघडला. एन्झाइमपुढे किलोच्या रकान्यात लिहिलं होतं, १,५.

वर टॉवेलांची संख्या होती, १२.०००. बारा हजारांची ऑर्डर सगळ्यांना तोंडपाठ होती, म्हणून ते टिंब वाचताना कुणीच अडखळलं नव्हतं. तिकडे हजारांना टिंब देतात आणि अपूर्णांकाला स्वल्पविराम. आपल्या अगदी उलट. हे तिला आता, त्या क्षणी उमगलं. आपल्या तक्त्यात उतरवताना स्वल्पविराम असलेला आकडा संगणक घेत नव्हता. बाकीचे आकडे पूर्ण होते, हा एकच अडत होता. तिने स्वल्पविराम काढून टाकला होता. उरले पंधरा.

दीड किलो. मास्तरांच्या अंदाजाएवढंच.

ती परत गेली तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. घरी नवऱ्याचे माग बंद पडून दोन वर्षं झाली होती, घर तिच्याच पगारावर चालत होतं. पण ते कारण तिने नंतर शोधलं. त्या वेळी तिच्या मनात एवढंच आलं, की इंग्रजी येतं म्हणून आपल्याला त्या खुर्चीवर बसवलंय, आणि हे सगळे आपल्याला हसतील.

"पंधराच आहे," ती म्हणाली.

मालकांनी तिच्याकडे कागद मागितला नाही. ते मास्तरांकडे वळले. "कागदात चूक असेल, माणसाला कळायला नको? तीस वर्षं काय केलं तुम्ही? उद्यापासून येऊ नका."

मास्तर भांडतील असं तिला वाटलं होतं. भांडले असते तर कदाचित तिने सांगूनही टाकलं असतं. पण ते हातातल्या टॉवेलकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "तिनं बघून सांगितलंय म्हंजे आसंल तसंच. माजाच अंदाज चुकत आसंल आता."

त्यानंतरचे चार महिने श्रीदेवी रोज वेळेवर कामावर आली. एकेक आकडा चारचारदा तपासायची. नवा मास्तर शिकलेला होता, त्याचं तिच्याशी बरं जमायचं. दुपारचा डबा मात्र ती तसाच घरी परत न्यायची. मैत्रिणीला ती पित्ताचा त्रास सांगायची. एकदा ड्रमवर काम करणारा बिरप्पा कागद न्यायला आला तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मास्तर कुठं असतात हल्ली?"

"घरीच की. दोन डाय हाऊसवाले बोलवायला गेलते. न्हाय म्हनला. माजा हात खोटा पडलाय म्हनतो, कशाला कुणाचा माल नासवू."

त्या रविवारी तिने तक्ता छापून पिशवीत घातला आणि मास्तरांच्या गावची, वळसंगची एसटी धरली.

चनबसप्पांची बायको बसम्मा दारात शेंगा फोडत बसली होती. तिने श्रीदेवीला ओळखलं, पाणी दिलं आणि आवाज खाली करून म्हणाली, "बरं केलंस बाई आलीस. कुणाशी बोलत न्हाईत. परवा लेकीनं साडी दावली, ह्यो रंग कंचा म्हनून. तर म्हनले, मला काय इचारतीस? तूच सांग."

मास्तर आतून आले. दाढी वाढली होती. नखांचा निळा रंग पुढे सरकून टोकांशी आला होता. मुळाशी नवं, पांढरं नख दिसत होतं.

श्रीदेवीने कागद त्यांच्यापुढे धरला. वाटेत जुळवलेलं सगळं ती विसरली होती. "मामा, हे पंधरा नाही, दीड आहे. तिकडं टिंबाच्या जागी स्वल्पविराम देतात. तो मी काढला. आणि मालकांनी बघायला पाठवलं, तेव्हा मला कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं."

मास्तरांनी कागद घेतला आणि उजेडाकडे धरला. मग त्या स्वल्पविरामावर बोट ठेवलं.

"दीड," ते म्हणाले.

"हो."

"मला बी दीडच वाटत हुतं."

"हो मामा."

बसम्माचा हात थांबला होता. मास्तरांनी कागदाची घडी घातली, ती परत दिली नाही.

"चूक झाली, ती कुणाच्या बी हातनं हुतीया. पन चार म्हयने, पोरी? चार म्हयने मी माजाच हात बघत बसलो हितं." त्यांचा आवाज चढला नाही. "जा आता. एसटी जाईल."

सोमवारी तिने मालकांना सांगितलं. मालकांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. "झालं ते झालं. ग्राहकाशी मिटलंय. आता हे बाहेर कशाला?"

"बाहेर सांगायचंय, साहेब. त्यांना सगळ्यांसमोर काढलं होतं."

ती स्वतःच डाय हाऊसमध्ये गेली आणि ड्रमपाशी उभी राहून बोलली. मोठ्याने बोलावं लागलं, कारण मशीनं चालू होती. काही वाक्यं दोनदा सांगावी लागली. कुणी हसलं नाही. बिरप्पा तिच्याकडे न बघता ओले टॉवेल गाडीत भरत राहिला.

मालकांनी तिला काढलं नाही. पॅकिंगमध्ये घड्या घालायला बसवलं. मास्तरांना परत या म्हणून निरोप गेला. त्यांचं उत्तर आलं, की गावाजवळच एका लहान डाय हाऊसमध्ये लागलोय, हितंच बरं हाय.

पंधरा दिवसांनी ते आपले गमबूट न्यायला आले. दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा सदरा. आत जायची वाट पॅकिंगमधूनच होती. श्रीदेवी घडी अर्धी टाकून उभी राहिली. ते थांबले. काहीतरी बोलतील म्हणून ती वाट बघत होती.

"बस. काम कर," ते म्हणाले आणि आत गेले.

थोड्या वेळाने डाय हाऊसमधला एक ड्रम बंद झाला. मग दुसरा. मग सगळेच. दिवसा मशीनं अशी थांबलेली पॅकिंगच्या बायकांनी कधी ऐकली नव्हती. त्या एकमेकींकडे बघू लागल्या. नवा मास्तर "काय झालं, काय झालं?" करत धावत आला. हातात गमबूट घेऊन चनबसप्पा बाहेर आले. मागून ओल्या हातांनी बिरप्पा आणि डाय हाऊसची सगळी माणसं चालत आली आणि त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली.

फाटक लागलं. माणसं परतली. मशीनं चालू झाली तरी श्रीदेवी तशीच उभी होती. शेवटी शेजारच्या बाईने तिच्या पदराला धरून तिला खाली बसवलं.