शिल्लक अकरा तास

आर्डिथला त्या विमानाचा कंटाळा आला होता, आणि हे ती कुणाला बोलूनही दाखवू शकत नव्हती. नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, वॉलबर्ग गावाबाहेरच्या धावपट्टीवर ती चौतीस वर्षं विमानं दुरुस्त करत होती. आता बाहत्तर वर्षांची झाली होती. बोटांचे सांधे सुजायचे, बारीक नट पकडताना हातातून निसटायचा आणि तो शोधायला गुडघ्यावर बसलं की उठताना नको नको व्हायचं.

विमान दोन माणसांचं, छोटं, पांढरं. एकेकाळी गावातल्या नऊ जणांनी मिळून घेतलेलं. त्यांतले सात जण गेले, काही देवाघरी, काही मुलांकडे. उरले दोघे. डेलमार कुचेरा धान्याच्या कोठारांवर व्यवस्थापक होता, आता एकोणऐंशीचा, विधुर. होलिस ब्रांट त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. त्याने सगळा जन्म सरकारी रस्त्यांवर खडी सारखी करण्यात घालवलेला.

कारखान्याने त्या जातीच्या विमानाच्या पंखांना बारा हजार तासांचं आयुष्य लिहून दिलं होतं. तेवढे तास भरले की विमान कायमचं जमिनीवर, मग ते दिसायला कितीही धडधाकट असो. नवे पंख बसवावेत, तर कारखाना बंद पडून वीस वर्षं झालेली. आणि इंजिनाचे तास मोजणाऱ्या मीटरवर आकडा होता अकरा हजार नऊशे एकोणनव्वद.

म्हणजे अकरा तास. दोघांनी साडेपाच-साडेपाच वाटून घेतले आणि घोडं तिथंच अडलं. कारण एकदा वाटणी झाल्यावर कुणीच उडेना. डेलमार म्हणे, "माझी लेक रोनेल ऑरेगनहून येईल तेव्हा." होलिसला विचारलं तर तो "बघू" एवढंच म्हणे आणि जोड्याने जमिनीवरची खडी ढकलत राही. असे चौदा महिने गेले. जमिनीवर उभं ठेवून इंजिन चालवावं, तर तेव्हाही मीटर पुढे सरकतो, म्हणून तेही नको. इंजिन आतून गंजायला लागलं. आर्डिथ दर महिन्याला यायची, टायरमध्ये हवा भरायची, चिमण्यांची घरटी काढायची आणि चिडून घरी जायची.

मे महिन्यात वार्षिक तपासणी आली तेव्हा तिने दोघांना सांगितलं, "विमान उडून मरत नाही रे, बसून मरतं. या महिन्यात उडवा. नाहीतर पुढच्या वर्षी माझ्याकडे सही मागायला येऊ नका."

"एवढी का चिडतेस?" डेलमार म्हणाला.

"चिडत नाही. दमलेय."

डेलमारने त्याच संध्याकाळी मुलीला फोन लावला. रोनेल तिच्या नऊ वर्षांच्या टेसाला घेऊन आली. रविवारी सकाळी दहा वाजता नातीला घेऊन उडायचं ठरलं. शनिवारी आर्डिथने तपासणी पुरी केली, नोंदवहीत सही केली, आणि एक काम संपलं म्हणून तिला बरं वाटलं.

रविवारी सात वाजता होलिस तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा. चर्चला घालायचा कोट अंगात, पण टाय नाही.

"ये ना. कॉफी घे," ती म्हणाली.

तो बसला. कपाला हात लावला नाही. "आर्डिथ, त्या पोरीला वर जाऊ देऊ नकोस."

"का? हवा छान आहे की."

"मीटर खोटा आहे."

तिला आधी वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. पण तो खाली मान घालून सांगत राहिला. शहाण्णव साली त्याचा मुलगा केंट दारूपायी माणसं ओळखेनासा झाला होता. त्याला तीन तालुके पलीकडच्या एका इस्पितळात ठेवलं होतं. होलिसच्या बायकोने शपथ घातली होती, की त्या पोराचं तोंड बघायचं नाही. कोण कुठे उडून आलं ते विमान ठेवायच्या हँगरच्या भिंतीवरच्या वहीत लिहिलं जायचं, आणि ती वही अख्खं गाव वाचायचं. मग होलिस बुधवारी पहाटे यायचा, मीटरवर तास चढू नयेत म्हणून त्याला फिरवणारी केबल सोडवायचा, मुलाला भेटून यायचा आणि केबल परत जोडून ठेवायचा.

"केबल सोडवली की इंजिनाचे फेरेसुद्धा दिसत नाहीत. कसा उडायचास तू?"

"आवाजावर."

"किती बुधवार?"

"एप्रिल ते ऑक्टोबर. तीस धर. जायला-यायला तीन तास."

आर्डिथला कागद लागला नाही. नव्वद तास. म्हणजे बारा हजार कधीच उलटून गेले होते, आणि वर एकोणऐंशी तास झाले होते. गेल्या पाच-सहा वर्षांत त्या विमानात जो जो बसला, तो तो मुदत संपलेल्या पंखांवर बसला होता. डेलमारची बायको मायरा शेवटच्या आजारपणाआधी त्यात बसून नदी बघून आली होती. आणि दर वर्षी विमानाच्या नोंदवहीत आर्डिथची सही होती.

"सव्वीस वर्षं गप्प बसलास?"

"आधी बायकोची लाज. मग पोर गेलं, मग बोलून करायचं काय? मनाशी म्हटलं, मी माझे साडेपाच तास वापरणारच नाही, तेवढीच भरपाई. पण ती एवढीशी पोरगी..."

"भरपाई!" आर्डिथ म्हणाली. "नव्वदांत साडेपाच! होलिस, जन्मभर रस्त्यांचे मैल मोजलेस तू. हिशोब तरी कर."

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायलासुद्धा अंगात बळ लागतं. शिवाय तिला आठवलं, त्या साली तेल फार लवकर काळं पडत होतं. टायरही लवकर झिजले होते. तिच्या मनात शंका आली होती आणि कामाच्या धांदलीत तिने ती झटकून टाकली होती. लपवलं त्याने, पण तिलाही दिसलं नाही, किंवा तिने नीट बघितलं नाही.

"चल," ती उठत म्हणाली. "डेलमारला तू सांगायचंस. मी नाही."

हँगरचं दार उघडंच होतं. डेलमारने पहाटेच येऊन विमान पुसून काढलं होतं. रोनेलने दालचिनीचे रोल आणले होते आणि टेसा कानावर मोठाला हेडफोन चढवून विमानाभोवती फेऱ्या मारत होती.

होलिसने सांगितलं. मुलाचं नाव न घेता, नुसती केबल आणि तास. डेलमार ऐकत होता. त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मायराला मी त्यात बसवलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"तू धावपट्टीवर उभा होतास. हात हलवत होतास तिला."

"हो."

"हरामखोर माणसा."

रोनेलने पोरीला हळूच बाहेर नेलं. मग डेलमार उलट्या बादलीवर बसला आणि थकल्या आवाजात म्हणाला, "बुधवारी ना? केंटकडे जायचास."

होलिसने चमकून वर बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"कोठाराच्या वरच्या मजल्यावरून धावपट्टी दिसते. तू दर बुधवारी निघालास की मी समजायचो. सगळं गाव समजायचं. तुझी बायकोसुद्धा. तिने माझ्या मायराला सांगितलं होतं, तो जातोय ते बरं आहे, फक्त मला सांगू नये म्हणजे झालं. हँगरच्या वहीत नाव नाही, ते मला वाटलं, पोराचं कुणाला कळू नये म्हणून लिहीत नसशील. मीटरचं काही डोक्यात आलं नाही माझ्या."

होलिसने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. डेलमारने त्याच्याकडे बघितलंही नाही आणि त्याला जायलाही सांगितलं नाही.

आर्डिथने नोंदवही काढली. कालची सही खोडता येत नाही, नियम आहे. म्हणून तिने तिच्याखाली लिहिलं: मालकाच्या जबानीनुसार सुमारे नव्वद तास नोंदलेले नाहीत, विमान उड्डाणास योग्य नाही. खाली तारीख आणि नाव घातलं. इतक्या वर्षांत तिने बऱ्याच विमानांना नाही म्हटलं होतं, पण आपल्याच सहीला नाही म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

टेसाला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, रागावली. "म्हणजे एवढ्या लांबून उगाच आलो?"

"उगाच," डेलमार म्हणाला. "चल, रोल खाऊ."

पुढच्या आठवड्यात दूरच्या एका तंत्रशाळेने मुलांना शिकवायला विमान मागितलं. ट्रकवर चढवायचं म्हणजे पंख काढावे लागणार. आर्डिथला एकटीला ते जमणारं नव्हतं. होलिस तीन दिवस रोज आठ वाजता आला, सांगेल तो बोल्ट सोडवला. दुसऱ्या दिवसापासून डेलमारही येऊ लागला. तो होलिसशी बोलत नसे. काही हवं असलं तर आर्डिथला म्हणे, "त्याला सांग, ते टोक जरा वर धर." आणि होलिस तिने सांगायची वाट न बघता धरत असे.

पंख सुटल्यावर आतला कणा उघडा पडला. सगळा भार पेलणारी ती ॲल्युमिनियमची पट्टी. बारा हजार तास लिहिलेले होते ते तिच्यासाठीच. आर्डिथने बोल्टांच्या भोकांवर लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड फवारली. तडा असला तर त्यात शिरलेला रंग पुडीवर उमटतो. तिघं वाकून बघत राहिली. दहा मिनिटं गेली. पूड पांढरीच राहिली. मग दुसरा पंख. तोही तसाच.

"म्हणजे पोरगी जाऊन आली असती," डेलमार म्हणाला.

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय? तडा नाही ना?"

"मला दिसणारा नाही," आर्डिथ म्हणाली. "डेलमार, मला आता यावर जास्त काही विचारू नकोस."

तडा सापडला असता तर बरं झालं असतं का, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. गुरुवारी दुपारी ट्रक आला. तिघांनी मिळून पट्टे आवळले. ट्रक गेल्यावर होलिसने विचारलं, "तुला घरी सोडू का?" ती म्हणाली, "सोड." तिची स्वतःची गाडी तिथंच उभी होती, पण त्या दिवशी तिच्याने चालवणं झालं नसतं. डेलमार थोडा वेळ घुटमळला आणि मग होलिसच्या गाडीचं मागचं दार उघडून आत बसला.