लाकडावरचं पांढरं

मी एक काचेची टाकी आहे. माशांची. बेळगावजवळच्या पिरनवाडीत एका घराच्या वरच्या मजल्यावर, बाहेरच्या खोलीत, भिंतीला टेकवलेल्या मेजावर मी उभी असते. घरात माणसं दोनच. समता आणि तिचे वडील भीमाप्पा. त्या दोघांची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट सांगता येणार नाही.

माझा जन्म काही थोर नाही. एका कारखान्याच्या शेडमध्ये काच कापणाऱ्यानं माझे तुकडे कापले, कडांना डिंकासारखं काहीतरी लावलं आणि वाळेपर्यंत चिकटपट्टीनं बांधून ठेवलं. तिथून मी बेळगावात, खडेबाजारातल्या आण्णाप्पांच्या दुकानी आले. आण्णाप्पा मासे विकतात, पक्ष्यांचे पिंजरे विकतात, आणि गिऱ्हाईक नसलं की माशांकडं बघत चहा पितात. माझ्याशेजारी एक वाकडंतिकडं लाकूड पडलेलं असायचं. कणकुंबीच्या बाजूला कुठल्याशा ओढ्यात सापडलेलं, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेलं.

एका संध्याकाळी समता आली. विमा कचेरीत नोकरीला असलेली, तिशीतली, बोलायला मोजकी.

“आमचे आप्पा दिवसभर घरात एकटेच असतात,” ती म्हणाली. “काहीतरी हलतं-फिरतं बघायला पाहिजे त्यांना.”

“टाकी न्या की,” आण्णाप्पा म्हणाले. “पण मासे आज नकोत बाई. पाणी भरा, हे लाकूड घाला, फिल्टर चालू ठेवा आणि महिनाभर तसंच सोडा. नव्या पाण्यात मासा टिकत न्हाय.”

“महिनाभर नुसतं पाणी बघून आप्पा काय करतील ओ?”

आण्णाप्पांनी थोडं समजावलं, मग सोडून दिलं. समतानं रंगीत शेपट्यांच्या काही गप्पी घेतल्या आणि एक मॉली, काळी कुळकुळीत. अशी मी, ते लाकूड आणि पिशवीतल्या पाण्यात हिंदकळणारे मासे एकाच रिक्षातून पिरनवाडीला आलो.

भीमाप्पा निपाणीचे. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, कोंडाबाईनं, जन्म तंबाखूच्या वखारीत काढला. दोघांनी मिळून एकुलत्या लेकीला शिकवलं. लेक नोकरीला लागली आणि वर्षाच्या आत कोंडाबाई गेली. समतानं वडिलांना इकडं आणलं. निपाणीत त्यांना ओळखणारं सगळं गाव होतं, इथं जिन्याखालची नागुबाई तेवढी “जेवलासा काय?” म्हणून विचारायची. टीव्हीचा आवाज बंद करून ते नुसती चित्रं बघत बसायचे.

पहिले काही दिवस त्यांनी माझ्याकडं धड बघितलंही नाही. मग एका दुपारी त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले. काळी मॉली काचेपाशी आली. त्यांनी बोट लावलं, तशी ती बोटामागून फिरली.

“काय गं काळे,” ते म्हणाले, “भूक लागली व्हय?”

त्या घरात त्यांनी आपण होऊन बोललेलं मी ऐकलं ते हे पहिलं वाक्य. त्यानंतर रोज बोलायचे. नळाला पाणी आलं नाही, भाजी महाग झाली, समी आज डबा विसरली, सगळं काळीला सांगायचे. आणि बोलता बोलता खाणं घालायचे. चिमूटभर पुरे असताना मूठभर. लहानपणी उपाशी झोपलेलं माणूस, त्याला कुणाचं पोट भरलं आहे हे पटतच नाही. उरलेलं खाणं माझ्या तळाशी साचत गेलं आणि माझं पाणी पातळ ताकासारखं गढूळ दिसायला लागलं.

एका सकाळी ते रोजच्यासारखे समोर येऊन बसले आणि एकदम पुढं वाकले. लाकडाच्या एका गाठीवर काहीतरी उगवलं होतं. पांढरं, पिंजलेल्या कापसासारखं, पाण्याबरोबर हलणारं.

“समे, इकडं ये बघू. ह्ये काय आलंय?”

समता ओल्या हातानं आली. तिनंही बघितलं. तिला कळेना, तेव्हा तिनं आण्णाप्पांना फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला.

“घाबरू नका,” आण्णाप्पा म्हणाले. “नव्या लाकडावर येतंय तसलं. माशांना काय होत न्हाय. खाणं कमी घाला, पाणी थोडंथोडं बदला. सगळं धुऊन बसू नका तेवढं. आपोआप जातंय ते.”

समता निश्चिंत होऊन डबा भरायला गेली. भीमाप्पा मात्र तिथंच बसून राहिले. काळी काचेपाशी येऊन घुटमळली, तरी त्यांनी बोट उचललं नाही. संध्याकाळपर्यंत ते पांढरं दुसऱ्या फांदीवरही पसरलं होतं.

दुसऱ्या दिवशी समता कामावर गेल्यावर त्यांनी बादली आणली. मासे त्यात काढले. माझं सगळं पाणी उपसून मोरीत ओतलं. लाकूड मिठानं आणि काथ्यानं घासलं, इतकं की त्यांची बोटं सोलली. फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून धुतला. माझ्या काचा आतून लख्ख पुसल्या. मग थेट नळाचं, औषधाचा वास येणारं पाणी माझ्यात भरलं आणि मासे सोडले.

मला सगळं कळत होतं. माझ्या काचांवर आणि त्या स्पंजमध्ये डोळ्यांना न दिसणारे जीव नुकते कुठं वस्तीला आले होते. माशांच्या घाणीतून जे विष पाण्यात उतरतं, ते हेच जीव पचवतात. नव्या पाण्यात त्यांना रुजायला वेळ लागतो, म्हणून तर आण्णाप्पा महिनाभर थांबा म्हणाले होते. त्या पांढऱ्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण ते घालवताना ही सगळी वस्ती धुऊन गेली, आणि वर नळातलं औषध माशांना बाधणारं.

भीमाप्पा खुर्चीत बसले. मी झऱ्यासारखी स्वच्छ दिसत होते. “आता कसं,” ते म्हणाले.

दुपार कलली तसे मासे वर आले आणि पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकू लागले. भीमाप्पांना वाटलं, भूक लागली. त्यांनी खाणं घातलं. कुणी तोंड लावलं नाही. मग एकेक गप्पी कलंडत गेली. समता घरी आली तेव्हा ते ओंजळीत एक मेलेला मासा धरून उभे होते.

समता रागावली नाही. “आप्पा, ते म्हणाले होते की, आपोआप जाईल म्हणून. का धुतलासा?”

भीमाप्पांनी ओंजळीतला मासा मेजाच्या कडेला ठेवला.

“तुझी आईबी असंच म्हणाली हुती,” ते म्हणाले. “काखेजवळ गाठ दाखवली मला. म्हटलं, दवाखान्यात जाऊ. तर म्हणाली, जाईल आपोआप. समीला सांगू नगासा, तिची परीक्षा हाय. मी बी गप बसलो.”

समता खांद्यावरची पर्स न काढता उभी होती. आईचा आजार उशिरा कळला एवढंच तिला ठाऊक होतं. तो घरात आधीच कुणाला तरी ठाऊक होता, हे तिला आज कळत होतं.

“माझ्या परीक्षेसाठी?” तिनं विचारलं.

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

पुढं बरेच दिवस त्या घरात जेवायला वाढलेल्या ताटाचा तेवढा आवाज होता. काळी मॉली कशीबशी वाचली होती. समता रोज आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या, औषध उडून गेलेल्या पाण्यातलं थोडं माझ्यात घालायची, आण्णाप्पांनी सांगितलं तसं. वडिलांकडं न बघता घालायची. भीमाप्पा समोर बसायचे, पण काळीशीही बोलायचे नाहीत.

आणि ते पांढरं पुन्हा आलं. या वेळी जास्त. सगळं लाकूड बर्फात बुडवल्यासारखं दिसायला लागलं. भीमाप्पा एकदा काथ्या हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी तो मोरीवर परत नेऊन ठेवला. थांबणं म्हणजे काय, हे मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर बघितलं. असं कुणाला थांबावं लागू नये.

हळूहळू ते विरळ झालं. आधी फांद्यांची टोकं मोकळी झाली, मग ती पहिली गाठ. एका सकाळी लाकूड पुन्हा तपकिरी, गुळगुळीत दिसत होतं.

“समे,” भीमाप्पांनी हाक मारली. “गेलं बघ.”

ती कामावर निघाली होती. दारातून परत आली.

“आपोआप गेलं,” ते म्हणाले. “मी हात बी लावला न्हाय. ह्ये गेलं गं. मग तिची गाठ का न्हाय गेली?”

आणि ते रडले. बायकोच्या मातीलाही रडले नव्हते, असं नागुबाईला समताच एकदा सांगत होती.

समतानं चपला काढल्या. माझ्यासमोर, फरशीवर, त्यांच्याजवळ बसली. त्या दिवशी ती कामावर गेली नाही.

“आई तेव्हा काय काय म्हणाली,” ती म्हणाली, “ते मला नीट सांगा आप्पा. सगळं सांगा.”

ते सांगत गेले. त्यांचा हात धरून ती ऐकत होती. मध्येच एकदा तिनं हात झिडकारला, मग पुन्हा धरला. तिनं त्यांना माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. तिलाही ठाऊक असेल असं वाटत नाही.

आता माझ्यात काळी एकटीच आहे. आणखी मासे आणू का, असं समतानं विचारलं होतं. भीमाप्पा नको म्हणाले.

माझ्यासारखी टाकी घरी आणाल, तर माझ्या पाण्याला वेळ द्या. लाकडावर पांढरं येईल, काचेवर तपकिरी थर धरेल. धरू द्या, आम्ही आमचं निस्तरतो. पण घरातल्या माणसानं अंगावरची गाठ दाखवली आणि जाईल आपोआप म्हटलं, तर त्याचं ऐकू नका. माझ्या पोटात मासे मरत होते आणि मला हाक मारता आली नाही, कारण मी काच आहे. तुम्हाला तोंड आहे.