सगळे डबे उघडा

अच्युत वेलकर गोदीत कस्टमचा तपासनीस होता, आणि फणसवाडीत त्याला मान होता तो नोकरीपेक्षा सचोटीचा. बोटीवरचा माल ज्याच्या हाताखालून जातो त्याच्या घरात एक विलायती घड्याळ नाही, साबणाची परदेशी वडी नाही, हे वाडीला पटायला बरीच वर्षं लागली. पटल्यावर मात्र वाडीने त्याला थेट देव्हाऱ्यात बसवलं. आणि हळूहळू त्याला तिथे बसणं आवडायला लागलं.

शेजारच्या खोलीत रामदास मास्तर राहत. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात त्यांना धरून नेलं त्या सकाळी सगळी वाडी गॅलरीत येऊन घोषणा देत होती. अच्युत आत आरशासमोर दाढी करत उभा होता. "सरकारी नोकराला घोषणा देता येत नाहीत," असं तो बायकोला, नलूला, म्हणाला. तिने विचारलं नव्हतं. मास्तरांचा आवाज जिन्यावरून उतरून लांब जाईपर्यंत तो एकच गाल घासत राहिला.

मास्तर ऑर्थर रोडच्या तुरुंगात गेले आणि शाळेने पगार थांबवला. त्यांच्या बायकोपुढे, सुमतीपुढे, दोनच वाटा होत्या. खोलीला कुलूप लावून दादरला भावाकडे जायचं आणि भावजयीच्या हाताखाली दिवस काढायचे, नाहीतर इथेच राहून काहीतरी करून दाखवायचं. सुमतीने दुसरी वाट धरली. मास्तरांच्या मामेभावाचं आफ्रिकेत मोंबासाला दुकान होतं. तिकडच्या मराठी घरांत आपल्याकडच्या पापडांसाठी माणसं जीव टाकतात, असं तो नेहमी सांगायचा. सुमतीने त्याला पत्राने विचारलं, त्याने होकार कळवला. पहिला माल पसंत पडला तर पुढे दरवर्षी घेईन, म्हणाला.

मग काय, सगळा उन्हाळा वाडीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या मजल्यावरच्या कमलाबाई, समोरची राधा, झाडून सगळ्या बायका दुपारची झोप सोडून लाटायला बसल्या. मास्तर आत आहेत, निदान त्यांचं घर उघडं राहू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. परदेशी माल कसा पाठवायचा हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. सुमती अच्युतकडे आली.

"भाऊजी, तुमच्याशिवाय कुणाला विचारणार?"

अच्युतने सगळं नीट समजावलं. माल बोटीवर चढवून देणारा दलाल गाठून दिला. वर म्हणाला, "वहिनी, पत्र्याचे डबे घ्या आणि झाकणं कथलाने झाळून घ्या. समुद्राची हवा आत शिरली तर पापड गेलाच म्हणून समजा." सुमतीने कल्हईवाल्याला जिन्याखाली बसवून एकेक झाकण झाळून घेतलं. डबे उलटेपालटे करून, कानाशी धरून तिने तपासले. हवा शिरायला फट कुठे राहिली नव्हती.

श्रावणात ते डबे गोदीत आले, आणि नेमके अच्युतच्याच शेडमध्ये.

असला किरकोळ माल बाहेर जाताना एक खोका उघडायचा, त्यातला एक डबा बघायचा आणि शिक्का मारून सोडायचा, अशी तिथली रीत होती. त्यातून देशात परकी चलनाची चणचण होती. बाहेर जाणारा माल उगाच अडकवू नका, असं वरून वारंवार बजावलं जात होतं. दुसरी वाटही सोपी होती. वरिष्ठ डिकॉस्टासाहेबांना जाऊन सांगायचं, साहेब, हा माल माझ्या शेजारणीचा आहे, दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम.

पण साहेबांनी विचारलं असतं, शेजारीण कोण? तिचा नवरा काय करतो? मग तुरुंगाचं नाव निघालं असतं. सभांना कोण जातो, कुणाचे कुणाशी संबंध आहेत, याच्या कुजबुजी त्या दिवसांत कचेरीत चालत, आणि एका कारकुनाची तेवढ्यावरून बदली झाल्याचंही कानावर होतं. अच्युत साहेबांकडे गेला नाही.

दलालाचा माणूस शामराव पान चघळत उभा होता. "साहेब, एक डबा बघा नि सोडा. बोट संध्याकाळची हाय. आणि काय, घरचाच तर माल ना तुमच्या?"

शामराव सहज बोलला होता. पण बाजूला दोन तपासनीस उभे होते, आणि त्यातल्या एकाने मान वळवून बघितलं.

"सगळे डबे उघडा," अच्युत म्हणाला.

"सगळे?"

"ऐकू आलं ना? सगळे."

हमालांनी छिनी लावली. झाळलेली झाकणं एकेक करून कडकड करत उचकटली आणि ओल्या दमट शेडमध्ये हिंगाचा वास पसरला. अच्युत प्रत्येक डब्यात वाकून बघत होता, हात घालून पापडांच्या चवडी उचलत होता. काहीतरी सापडावं असं त्याला एक क्षण खरोखरच वाटलं, आणि त्या वाटण्याची त्याला तिथेच किळस आली. पापडांशिवाय काही निघालं नाही. पुन्हा झाळायला गोदीत कोण बसलं होतं? शामरावने झाकणं हाताने दाबली, वरून सुतळी बांधली आणि डबे बोटीवर चढवले.

घरी जेवताना त्याने नलूला ऐकवलं, "आज मी शेजाऱ्यांचाही मुलाहिजा ठेवला नाही. सगळे डबे उघडले."

नलूने वाढता हात थांबवला. "एका डब्यात कळलं नसतं?"

त्याने ताकाची वाटी तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी डिकॉस्टासाहेबांनी बोलावलं. "वेलकर, ते पापडचे डबे. तुला कुणी खबर दिली होती काय?"

"नाही साहेब."

"मग सगळे कशाला फोडले? अरे बाबा, चोर पकडायचा तर पकड, मी नाय म्हणतो काय? पण चांगला माल वेळेवर बाहेर घालवणं, ते पण आपलंच काम हाय. ती बाई घरात बसून धंदा करते नि आपण तिच्या डब्यात पाणी घालतो. असं कर नको पुन्हा."

साहेबांनी तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं नाही. ते विचारणारच नव्हते, हे अच्युतला त्या क्षणी समजलं, आणि साहेबांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं.

पुढचे दिवस वाईट गेले. सुमती जिन्यात भेटली की हसून म्हणायची, "शामराव सांगत होता, सगळे डबे बघितलेत म्हणून. नियमच असेल. तुम्ही होतात म्हणून निदान बोट तरी चुकली नाही." तो हं हं करून पायऱ्या उतरायचा. खरं सांगायचं असं रोज सकाळी ठरवायचा आणि संध्याकाळी नळाशी गर्दी आहे, आज तिचा उपास आहे, असली कारणं शोधायचा. माणसाला कारणांची वाण कधी पडते का?

नवरात्राच्या सुमाराला मोंबासाहून मामेभावाचं पत्र आलं. माल पोचला तो बुरशी धरून. डबे उघडताच टाकून द्यावे लागले. आपलं माणूस म्हणून रागावत नाही, पण पुन्हा पाठवू नका.

कमलाबाई जिन्यावर बसून रडल्या. सुमती रडली नाही. तिने आठवडाभरात भांडी बांधली, गाद्या गुंडाळल्या. दादरहून भाऊ टांगा घेऊन यायच्या आधी ती अच्युतच्या दारात आली आणि खोलीची किल्ली तिने त्याच्या हातावर ठेवली.

"हे सुटून आले की त्यांना द्या. तुमच्याकडे असली म्हणजे मला घोर नाही."

"वहिनी, बसा ना," नलू म्हणाली. ती बसली नाही.

"काल तुरुंगात भेटून आले," सुमती म्हणाली. "त्यांना सगळं सांगितलं. डबे कसे उघडले, माल कसा गेला. मला वाटलं, चिडतील. तर म्हणाले, अच्युतने शेजाऱ्याचा मालसुद्धा नियमातून सोडला नाही ना? उद्या आपलं राज्य आलं की अशीच माणसं लागणार आहेत."

अच्युतने किल्लीवर मूठ आवळली. इतके दिवस तो ज्या देव्हाऱ्यात बसला होता, तिथे आता तुरुंगातला माणूस त्याला ओवाळत होता. हे त्याला सोसेना.

"नियम एका डब्याचा होता," तो म्हणाला.

सुमतीला कळलं नाही. "म्हणजे?"

"एक डबा बघून सोडायचा असतो. सगळे उघडायला कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं. मास्तर आत आहेत, तुमची बाजू घेतली असं कुणी म्हणेल, नोकरीवर येईल, म्हणून भ्यालो. सचोटी वगैरे काही नाही, वहिनी. नुसता भ्यालो."

नलू चुलीकडे तोंड करून उभी राहिली. सुमतीने आपल्या हातांकडे पाहिलं. तिच्या बोटांवर लाटण्याचे घट्टे अजून होते.

"झाकणं झाळून घ्या असं तुम्हीच सांगितलं होतंत," ती हळू म्हणाली.

तिने हात पुढे केला.

"किल्ली द्या."

त्याने दिली. ती वळली आणि जिना उतरून गेली. अच्युत गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिला. आता ती खाली सांगेल, वाडीला कळेल, कमलाबाई चौकात उभ्या राहून त्याच्या नावाने बोटं मोडतील. मोडू देत, एकदाचं होऊन जाऊ दे, असं तो मनाशी म्हणत होता. ते सगळं ऐकून घ्यायला तो तयार होता.

खालून सुमतीचा आवाज आला, रोजच्यासारखाच.

"कमलाबाई, किल्ली तुमच्याकडे ठेवते हं. अच्युतभाऊजी दिवसभर गोदीत असतात बिचारे. त्यांना कशाला त्रास?"