नव्या दिव्यांचा उजेड

जरा पुढं सरका, सतरंजीवर अजून जागा आहे. ही गोष्ट मोठ्यानं सांगावी अशी नाही, म्हणून जवळ बोलावतोय. बुवा कीर्तनात संतांच्या गोष्टी सांगतात, मी सांगणार आहे ती माझ्या मोटारीच्या दिव्यांची. सुरुवातीला हसू येईल, तेवढ्यात हसून घ्या.

माझं नाव ज्योतीराम. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर आहे, राहतो चिंचवडला. आयुष्यात वेड एकच, कीर्तनाचं. दिवसभर कानस चालवायची आणि संध्याकाळी हातपाय धुऊन जिथं वीणा उभी असेल तिथं जाऊन बसायचं. पखवाजावर पहिली थाप पडली की दिवसभराचा लोखंडाचा कीस अंगावरून झडल्यासारखा वाटतो.

आमच्या आळीतले सोपानबुवा मोठे गोड कीर्तनकार. त्यांना गावोगावची बोलावणी यायची आणि बुवा एस.टी.नं, बैलगाडीनं, कधी चालत जायचे. त्र्याहत्तर साली आमच्या कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांची जुनी लँडमास्टर मोटार मी घेतली. बुवांच्या सेवेसाठी घेतली, असं मी सगळ्यांना सांगे. त्यात खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. फिटरच्या दारात मोटार उभी आहे हे लोकांना दिसावं, हेही होतं.

गाडी अठरा वर्षांची. इंजिन मी हातानं जुळवलं होतं, पण दिवे म्हणजे देव्हाऱ्यातल्या समया. त्यातून एकाहत्तरच्या लढाईत सगळ्यांच्या गाड्यांच्या दिव्यांना वरच्या अर्ध्या भागात काळा रंग फासला होता, तोही तसाच. वर्षभरानं एका खेपेला चाकणजवळच्या निघोजे गावी गेलो तेव्हा गावाअलीकडच्या मोरीवर मला कडच दिसली नाही आणि पुढचं चाक खाली गेलं. गावातली माणसं धावत आली. त्यांत पुढं दत्तोबा. त्यानं बंपरला खांदा लावला आणि म्हणाला, "जोतीभाऊ, तू नुसतं चाक धर, ढकलायचं आमी बघतो."

हा दत्तोबा निघोज्याचा पखवाजवादक. दोन एकर कांदा करायचा. बोटं नांगर धरून राठ झालेली, पण पखवाजावर पडली की लोण्यासारखी. सोपानबुवा म्हणायचे, "दत्तोबा असला की मला अभंग आठवावा लागत नाही, तो वाजवून आठवण करून देतो."

त्या रात्री परतताना बुवांनी मागून विचारलं, "ज्योतीराम, तुझ्या गाडीला दिवे आहेत का काजवे बांधलेत?"

मागं बसलेले दोघं टाळकरी खो खो हसले. बुवांचा स्वभावच थट्टेचा, त्यात वाईट काही नव्हतं. मला मात्र ते लागलं. गाडीवर बोललेलं माणसाला का लागतं कोण जाणे.

पुढच्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथं बोटीवरून उतरलेले परदेशी बल्ब मिळाले, आधीच्या दुप्पट उजेडाचे. घरी आणून बघतो तर बल्बाची चकती माझ्या दिव्यात बसेना. खाच एका बाजूला, गाडीतला खिळा दुसऱ्या बाजूला. आता खाच जुळत नाही म्हटल्यावर फिटर काय करणार? चकती कारखान्यात नेली आणि जेवणाच्या सुट्टीत कानशीनं नवी खाच पाडली. मापानं नाही, नजरेनं. कंपनीच्या कामात केसाच्या विसाव्या भागाचा फरक पडला तर मी जॉब, म्हणजे हातातला तुकडा, फेकून देतो, आणि स्वतःच्या गाडीसाठी मायक्रोमीटर खिशातून काढला नाही. मग ब्लेड घेऊन काचेवरचा काळा रंगही खरवडून टाकला.

संध्याकाळी कारखान्याच्या मागच्या भिंतीवर दिवे टाकून पाहिले. टूलरूममधला माझा जोडीदार भीमराज बरोबर होता. भिंत दुपारच्या उन्हात असावी तशी उजळली. मी खूश. भीमराज म्हणाला, "डिपर मार."

मी डिपर मारला. समोरून कुणी आलं की उजेड खाली घ्यायचा, त्यासाठी डिपर. माझा उजेड खाली जायच्या ऐवजी वर उडाला आणि भिंतीपलीकडच्या लिंबाच्या फांद्या दिसायला लागल्या.

"राव, तुझा बल्ब उलटा बसलाय," भीमराज म्हणाला. "खाच चुकली. हा माल कंपनीचा असता तर इन्स्पेक्शननं तुझ्या तोंडावर मारला असता."

"बघू सवडीनं."

"सवडीनं काय, दहा मिनिटांचं काम आहे. समोरच्याचे डोळे जातील, भाऊ."

"तू लिंबावरच्या कावळ्यांची काळजी करतोस का?" मी म्हणालो. आपल्याच विनोदाला मी हसलो. तो हसला नाही.

खरं सांगतो, पुढचे तीन दिवस मला त्या उजेडाची गोडी लागली. आकुर्डीच्या रस्त्यानं जाताना सायकलवाले लांबूनच उतरून बाजूला व्हायचे. फिटरला कोण एवढा रस्ता देतो? खाच नीट करायला सवड मिळाली नाही असं नव्हतं. मी ती काढली नाही.

गुरुवारी निघोज्याला कीर्तन होतं, आठ वाजताचं. त्या दिवशी ओव्हरटाइम होता, निघायलाच सव्वासात झाले. थंडीचे दिवस, काळोख लवकर पडलेला. मागं बुवा डोळे मिटून निरूपण मनात जुळवत होते, शेजारी टाळकरी पेंगत होते. नाशिकचा रस्ता सोडून निघोज्याकडे वळलो आणि बाभळी अशा लख्ख दिसायला लागल्या की काटा न् काटा मोजावा.

आता एक सांगायला हवं. कीर्तनकार येणार असला की कुणीतरी शिवेपर्यंत सामोरं जायचं, ही निघोज्याची जुनी रीत. मला ती चांगली ठाऊक होती. वर्षभर मीच बुवांना तिथं नेत होतो.

मोरी जवळ आली आणि समोर एक कंदील दिसला. कुणीतरी तो हात उंच करून धरला होता, इकडे या, अशी खूण करत होतं. मी डिपर मारला. तो उलटा आहे हे त्या क्षणी विसरून, चांगुलपणानंच मारला, हेही सांगतो. उजेड उडाला तो सरळ त्या माणसाच्या तोंडावर. त्यानं हात डोळ्यांवर घेतला, एक पाऊल मागं टाकलं, आणि कंदील गेला. विझला नाही, गेला. खाली.

माझा पाय ब्रेकवर गेला होता. घड्याळात आठला पाच कमी होते. पाय मी उचलला.

"कोण होतं रे?" बुवांनी डोळे न उघडता विचारलं.

"कुणी नाही, बुवा. बाजूला झालं."

दिवे मालवून गाडी देवळाच्या बाजूला लावली. देवळापुढं मंडप भरलेला होता. विणेकरी उभा होता. पखवाज गादीवर तयार, त्याच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळून ताटलीत ठेवलेली. वाजवणारा तेवढा नव्हता. दत्तोबाची बायको गोजाबाई पुढं आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् ह्ये कुठं ऱ्हायलं? तुमालाच आणाया गेल्यात न्हवं का मोरीपाशी. म्हणालं, जोतीभाऊच्या गाडीला दिसत न्हाई, मागल्या खेपंला चाक खाली गेलं व्हतं, म्या कंदील धरतो."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आम्हाला भेटले नाहीत."

दोन गडी बत्ती घेऊन मोरीकडे गेले. मीही जायला हवं होतं. मी बुवांची शाल घडी करत बसलो. चांगली घडी असलेली शाल पुन्हा उलगडून पुन्हा घडी केली. ताटलीतली कणीक वाळायला लागली तशी गोजाबाईनं तिच्यावर पाण्याचा हात फिरवला.

दत्तोबाला खांद्याला धरून आणलं. अंगभर चिखल, कपाळावर ओरखडा, आणि उजवं मनगट सुजून वाकडं झालेलं. मंडपातली माणसं भोवती गोळा झाली.

"काय झालं, बाबा?"

"डोळ्यांपुढं नुसतं पांढरं झालं बघा," दत्तोबा म्हणाला. "पाय कुठं पडला कळलंच न्हाई. मोठ्या साहेबाची गाडी आसंल, दिवं म्हंजी दिवं नव्हं, सूर्व्य." मग मान वर करून त्यानं विचारलं, "बुवा आलं का? आन् जोतीभाऊ? नीट आला का त्यो?"

कुणीतरी म्हणालं, "आरं, त्याचीच तर गाडी न्हवती?"

"छ्या. त्याच्या दिव्यांत त्याला सोताचा हात दिसत न्हाई," दत्तोबा म्हणाला आणि लोक हसले. मग तो म्हणाला, "आन् जोतीभाऊ आसता तर थांबला आसता की."

त्या वाक्यानंतर मी मान वर केली नाही. बुवांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

दत्तोबा दवाखान्यात जायला तयार होईना. कीर्तन झाल्याबिगर न्हाई, म्हणाला. गोजाबाईनं उपरण्यानं हात गळ्यात बांधला. गावातलाच एक पोरगेला माणूस पखवाजाला बसला, चुकत माकत वाजवू लागला. दत्तोबा त्याच्या शेजारी बसून डाव्या हातानं स्वतःच्या मांडीवर ठेका धरून त्याला वाट दाखवत राहिला. बुवांनी काय निरूपण केलं ते मला आठवत नाही. एवढ्या कीर्तनांतलं एकेक वचन सांगू शकतो, त्या दिवशीचा एक शब्द नाही. मी टाळ वाजवत होतो आणि मला मोरीत पडलेल्या कंदिलाची काच ऐकू येत होती.

कीर्तन संपलं. आरती झाली, आणि मग आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. लहानमोठा, गरीबश्रीमंत न बघता जो तो एकमेकांच्या पाया पडतो. समोरच्यात देव आहे म्हणून पडतो. दत्तोबा माझ्यासमोर आला. एक हात गळ्यात, म्हणून त्याला वाकता येईना. गुडघे टेकून, डाव्या हातानं त्यानं माझ्या पायांना स्पर्श केला. मी पाय मागं घेतला तर म्हणाला, "राहू दे की, भाऊ."

खाली वाकून मीही त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. उठवेना. लोकांना वाटलं, ज्योतीरामाचा भाव दाटून आला.

त्याला चाकणच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. बुवा गावातच थांबले. दत्तोबा पुढं माझ्याशेजारी बसला. मी गाडी चालू केली, आणि दिवे लावायला हात पुढं होईना. जुने दिवे असते तर, असं उगाच मनात आलं. शेवटी बटण ओढलं. देवळाची भिंत, पार, पारावरची माणसं, सगळं पांढरं झालं. माणसांनी डोळ्यांवर हात घेतले.

दत्तोबा त्या उजेडाकडे बघत राहिला. गाव मागं पडलं, मोरी आली, गेली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "दिवं बदललं व्हय?"

"हो."

"लई लांबवर दिसतंय."

मी गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. चुकीची खाच, भीमराजनं केलेली सूचना, लिंब, डिपर. कंदील खाली गेलेला मी पाहिला, तेही. ब्रेकवरून पाय उचलला, तेही. तो ऐकत होता. सांगून झाल्यावर मी वाट बघत बसलो, की त्यानं शिवी द्यावी.

"म्या म्हणलं व्हतं, तू थांबला आसतास," तो म्हणाला. बास, एवढंच. रागानं नाही. चुकीचा हिशेब लोकांना सांगून बसल्यासारखा ओशाळून म्हणाला. माझी लाज त्यालाच वाटत होती.

मग म्हणाला, "बुवांना सांगितलंस?"

"नाही."

"मग नगं सांगू. ते तुज्या गाडीत बसायचं न्हाईत. आन् मग या वयात चालत फिरतील."

पारावरच्या माणसांना शंका आली तेव्हाही, ते दिवे हे नव्हेत, असं त्यानंच सांगितलं. त्यानं झाकलं, आणि मी झाकू दिलं. हीच खरी गोष्ट आहे, दिव्यांची नव्हे. मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी व्यवस्थित बांधलं, हाड जुळलं, पण ताठ राहिलं. खुरपं धरता यायचं, पखवाजावर बोटं उतरेनात. पुढं निघोज्याला दत्तोबा टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा राहायचा. खाच मी दुसऱ्याच दिवशी नीट केली, मायक्रोमीटर लावून केली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

आठ वर्षं झाली. गेल्या चैत्रात दत्तोबा गेला. तिकडची माणसं अजून त्या न थांबलेल्या साहेबाला नावं ठेवतात, गोजाबाईसुद्धा ठेवते, आणि मी तिच्या ओसरीवर चहा पिऊन येतो. तो साहेब मी आहे. उद्या सकाळी निघोज्याला जाऊन हे मी तिला सांगणार आहे, आणि तिच्याकडून येताना बुवांनाही. आज तुमच्यापुढं जीभ उचलते का, ते बघितलं.

तुमच्याकडे एकच मागणं. माझं काय म्हणायचं ते म्हणा. पण पुढच्या कीर्तनात पखवाज रंगेल ना, तेव्हा निघोज्याच्या दत्तोबाची आठवण काढा.