मी पुसलेला आवाज

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. आजवर माझ्या तोंडून जे निघालं ते सगळं दुसऱ्यांचं होतं. स्वतःचं आज पहिल्यांदाच सांगतोय, आणि तेही फार उशिरा.

मुकुंदरावांनी मला दमणच्या बाजारातून विकत घेतलं, सत्त्याऐंशी साली. सिल्वासाजवळ मसाटला कापड रंगवण्याचा कारखाना होता, तिथे ते मॅनेजर होते. कारखान्यामागच्या क्वार्टर्समध्ये ते आणि त्यांची बायको विजयाबाई राहत. लग्नामुळे राहून गेलेलं एम.ए. विजयाबाईंनी इथे आल्यावर बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून पुन्हा सुरू केलं होतं. त्यांचा सगळ्यात आवडता पेपर होता ‘कादंबरी : एक वाङ्मयप्रकार’.

महिन्यातून एका रविवारी त्या मुंबईला व्याख्यानांना जात. पिशवीत मी असायचोच. कर्णिक सर शिकवायचे आणि मी ते साठवून आणायचो. कणीक मळताना त्या मला लावून ठेवत. माझ्या एका बटणात अजूनही थोडं पीठ अडकलेलं आहे.

“कादंबरीत वाईट गोष्ट एकाएकी घडत नाही,” सर सांगत. “ती पानापानांतून चालत येत असते. पात्रांना दिसत नाही. वाचणाऱ्याला दिसते.”

हे वाक्य विजयाबाई मागे नेऊन पुन्हापुन्हा ऐकत. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर त्या स्वतःची उत्तरं बोलून ठेवत.

एकोणनव्वदच्या मार्चमधला एक रविवार. सकाळी त्या उत्तर बोलत होत्या, तेवढ्यात दार वाजलं. बॉयलरवरचा सुकदेव आला होता. मूळचा खानदेशातला, कमी बोलणारा. विजयाबाई चहा टाकायला उठल्या आणि मला बंद करायचं राहून गेलं.

“साहेब, सेफ्टी वाल्व अडकून राहतो,” सुकदेव म्हणाला. “काल काटा लाल रेघेवर गेला तरी उघडला नाही. मी ठोकला, तेव्हा कुठे वाफ सुटली.”

“परवा बोलला होतास तू हे,” मुकुंदराव म्हणाले.

“हो ना. म्हणून दुसऱ्यांदा आलो. एक दिवस बंद ठेवा ना साहेब.”

“गुरुवारी माल जाऊ दे, सुकदेव. शुक्रवारी नक्की बंद करू.”

तो दाराशी गेला. मग “बरं साहेब” म्हणाला. चपलांचा आवाज लांब गेला. सगळं माझ्यात उतरलं.

संध्याकाळी उत्तर तपासताना विजयाबाईंनी ते ऐकलं. त्यांनी मुकुंदरावांना हाक मारली. “अहो, हे ऐका. मला भीती वाटते. उद्याच बंद करा ना.”

ते हसले. “ही कादंबरी नाही, विजया. कारखाना आहे. इथे रोज काही ना काही अडकतंच.”

मंगळवारी विजयाबाईंनी पुन्हा विचारलं. “शुक्रवारी,” एवढंच उत्तर मिळालं.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास खिडकीच्या काचा फुटून टेबलावर माझ्याभोवती पडल्या. बाहेर पांढरी वाफ आणि आरडाओरडा. विजयाबाई अनवाणी धावल्या. बॉयलरशी एकटा सुकदेव होता. तो जागच्या जागीच गेला.

चौकशीचा साहेब येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी मुकुंदराव माझ्यासमोर येऊन बसले.

“ते अजून आहे या कॅसेटवर?”

“आहे,” विजयाबाई म्हणाल्या.

“मला तुरुंगात टाकतील. मी वाईट माणूस नाही गं.”

“मग तुम्हीच सांगा ना त्यांना, काय झालं ते.”

ते दोन्ही हातांत तोंड लपवून बसून राहिले, मग उठून गेले.

माझ्या आत दोन हेड आहेत. एक पुसतं, दुसरं लिहितं. पुसणारं आधी लागतं. विजयाबाईंनी बराच वेळ माझ्यावर नुसता हात ठेवला. मग रेकॉर्ड करायची दोन बटणं एकदम दाबली आणि कोरड्या आवाजात बोलू लागल्या, “निवेदकाची विश्वासार्हता म्हणजे...” मला अडता आलं असतं. कॅसेटची फीत गुंडाळून बसायची माझी खोड होतीच. त्या दिवशी मी गुमान फिरत राहिलो. सुकदेवचा शब्द न् शब्द माझ्याच अंगावरून गेला आणि पुसला गेला.

अहवालात आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. त्याने वरिष्ठांना कल्पना दिली नव्हती, असंही.

जूनमध्ये निकाल लागला. विजयाबाईंना त्या पेपरात सगळ्यात जास्त गुण होते. मुकुंदरावांनी पेढे आणले. विजयाबाईंनी एकही खाल्ला नाही. पुढे त्यांनी कादंबरी हातात धरलेली मी पाहिली नाही.

ब्याण्णव साली मुकुंदरावांची बदली झाली. निघण्याआधी त्या मला घेऊन खडोलीच्या चाळीत गेल्या, सुकदेवच्या बायकोकडे.

“मंजुळाबाई, हा ठेवा. गाणी ऐका.”

“कशासाठी बाई?”

विजयाबाईंनी दोनदा तोंड उघडलं. मग “असू दे” म्हणाल्या आणि वळल्या.

तेव्हापासून मी इथेच आहे. माझा पट्टा सैल झालाय, गाणी रडकी निघतात. काल मंजुळाबाईंची मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, “आई, बाबांच्याच चुकीनं झालं ना ते? मुली म्हणतात.”

“कागदावर तसंच लिहेल आहे, बाई,” मंजुळाबाई म्हणाल्या आणि माझ्यावरची धूळ पदराने पुसू लागल्या.

तुम्ही कधी खडोलीला गेलात तर त्या चाळीत जा. सुकदेवने दोनदा सांगितलं होतं, एवढं त्या मायलेकींना सांगा. विजयाबाईंचं नाव घेतलं नाहीत तरी चालेल. माझं मात्र घ्या.