कानशीचे ओरखडे

धोंडीराम सरांनी रायफल टेबलावर घेतली, बोल्ट मागे ओढला, चेंबर रिकामे असल्याची आधी डोळ्यांनी, मग करंगळीने खात्री केली आणि तेव्हाच चष्मा बदलला. आयटीआयमध्ये एकतीस वर्षे फिटरचे वर्ग घेतलेल्या माणसाची ही शिस्त निवृत्तीनंतर नांदूरघाटजवळच्या या लहानशा नेमबाजी केंद्रातही सुटली नव्हती.

सकाळच्या निवड चाचणीत स्वप्नालीने झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी तीनदा बाहेर न उडता बोल्टपुढेच अडकली. त्यात वेळ गेला आणि चार गोळ्या झाडायच्या राहिल्या. प्रशिक्षक बंकटरावांनी तिचे नाव खोडले. संघात नाव नसेल, तर सोमवारी तिला आईबापांमागे ऊसतोडीला जावे लागणार होते.

"हात कच्चा हाय पोरीचा," बंकटराव म्हणाले. "बोल्ट अर्धाच वडती."

"म्या पुरता वडलाय, सर." स्वप्नाली बोलली ती धोंडीराम सरांकडे पाहून.

मनातून सरांनाही तिचाच हात दोषी वाटत होता. ही रायफल गेल्याच महिन्यात त्यांनी स्वतः दुरुस्त केली होती. तरी क्रम मोडायचा नाही म्हणून त्यांनी तपासणी सुरू केली. चेंबर स्वच्छ होते. पुंगळीची कड धरून ओढणारा आकडा शाबूत होता, त्याची स्प्रिंगही ताठ. म्हणजे पुंगळी चेंबरमधून निघत होती. शेवटी तिला ठोकर देऊन बाहेर उडवणारा इजेक्टर कमी पडत होता. त्यांनी दहा रिकाम्या पुंगळ्या घेतल्या आणि दर वेळी बोल्ट जोराने, शेवटपर्यंत ओढला. तीन आतच पडल्या.

भिंगाखाली इजेक्टरच्या टोकावर कानशीचे तिरपे, एकाच दिशेचे ओरखडे दिसले. कानस अशी चालवायची हे त्यांनीच वर्षानुवर्षे मुलांना शिकवले होते. नोंदवहीतली ओळही त्यांच्याच अक्षरात होती: 'इजेक्टर बोल्टला घासतो, टोक साफ केले.' घासणे थांबले होते, पण टोक आखूड झाले होते. आणि काम झाल्यावर त्यांनी पुंगळ्या घालून पाहिल्या नव्हत्या.

"चूक माझी आहे," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या की, सर." बंकटरावांनी आवाज उतरवला. "या वयात नाव कामून खराब करून घेता? चारला यादी पाठवायची हाय."

"मग तीनला तिची चाचणी पुन्हा घ्या."

दस्ता मोडून पडलेल्या जुन्या रायफलीचा इजेक्टर काढून त्यांनी बसवला. दहाच्या दहा पुंगळ्या उडाल्या. त्यांनी पुन्हा दहा घालून पाहिल्या. मग नोंदवहीत जुन्या ओळीखाली स्वतःची चूक लिहून सही केली.

तीन वाजता स्वप्नालीने पालथे पडून नेम धरला. पहिली गोळी मधोमध लागली, पुंगळी टणकन उजवीकडे उडाली. पण तिने लगेच दुसरे काडतूस घातले नाही. मान वळवून पुंगळी कुठे पडली ते पाहिले, मग बोल्टपुढे डोकावली. दुसऱ्या गोळीनंतरही तेच, तिसरीनंतरही. सर घड्याळाकडे पाहत उभे होते. चाचणी चालू असताना बोलायला मनाई होती.

शिट्टी झाली तेव्हा तिच्यापाशी तीन काडतुसे उरली होती. बंकटरावांनी यादीवर एकवार नजर फिरवली, खोडलेले नाव तसेच ठेवले आणि कागद खिशात घातला.

स्वप्नालीने बोल्ट उघडा ठेवून रायफल सरांच्या हातात दिली.

"चांगली चालती आता, सर," ती म्हणाली.