क्लचचा बूट

कारंजा (घाडगे) इथं हायवेवर ट्रकच्या सीटा शिवणारी दुकानं पुष्कळ, पण खऱ्या चामड्याला हात लावणारी एकटी पौर्णिमा. शेजारच्या गॅरेजचा गजेंद्र त्या दिवशी एक गाडी घेऊन आला, तेव्हा तिनं मशीनवरून नजर न काढताच ‘ठेव तिथं’ म्हटलं. मग मान वर केली, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी तिच्या ओळखीची होती. जुनी लँडमास्टर, छप्पर कापून उघडी केलेली, डाळिंबी रंगाची, पोटात कुठल्याशा जीपचं इंजिन बसवलेलं. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात तसली दुसरी नाही. दीड वर्षापूर्वी हीच गाडी पवनारला तिच्या माहेरच्या दारात उभी होती. वर्ध्याचा सुमीत साखरपुड्याला तिच्यातून उतरला होता, आणि पौर्णिमाची धाकटी बहीण काजल लाजत लाजत बॉनेटला टेकून फोटो काढून घेत होती.

साखरपुड्यानंतर सुमीतला याहून मोठं स्थळ सांगून आलं. मोडायचं तर मोडावं, माणसं मोडतात. पण ‘आम्हाला दुसरी बरी वाटली’ म्हणायला जीभ रेटेना, म्हणून या शहाण्यानं कारण उठवलं, की पोरीला कातडीचा रोग आहे, खाज सुटते, पाठीवर चट्टे आहेत. काजलच्या पाठीवर तीळसुद्धा नाही. पण गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत अशी पसरली की येणारी स्थळं वाटेतूनच परत फिरू लागली. एक बाई तेवढी आली, आणि चहा व्हायच्या आधी तिनं काजलला आतल्या खोलीत नेऊन पाठ दाखव म्हटलं. काजलनं मुकाट्यानं ब्लाउजचे हूक काढले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पौर्णिमा दाराशीच होती. बाईला काही दिसलं नाही, तरी होकार काही आला नाही.

गजेंद्रला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो आपला कौतुकानं सांगत होता. नवरदेवाचं लग्न इथल्याच पोरीशी, पंचायत समितीतल्या बाबूंच्या शाल्मलीशी. लॉन हायवेलाच, तिच्या दुकानासमोर. वर्ध्याहून गाडी चालवत आणली तर पठ्ठ्याचे पाय भाजून निघाले. असल्या जुन्या गाडीत क्लच-ब्रेकचे दांडे खालून, गाडीच्या तळातून वर येतात. त्यांच्या भोकांवरचं रबर कुजून गेलं होतं, त्यामुळे इंजिनची धग, धूर, धूळ, सगळं आत. वरातीत गाडी नवरदेव स्वतः चालवणार होता, म्हणून भोकं बंद करून हवी होती. काम कोण करणार हे सुमीतनं विचारलं नव्हतं. काम करणाऱ्यांची नावं विचारायची त्याला सवयच नव्हती.

गाडी परत ने म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं माप घेतलं. दांड्याभोवती बसणारी चामड्याची पिशवी, उलट्या बटव्यासारखी. बटव्याचं तोंड वर दांड्याला घट्ट बांधायचं, घेर खाली पत्र्याच्या रिंगेखाली स्क्रूनं आवळायचा. गॅरेजवाले तिला बूट म्हणतात. धग अडावी म्हणून तिनं दोन्ही बूट दुपदरी शिवले. बसवून झाल्यावर क्लच हातानं दाबून पाहिला, तर दोन पदरांतली हवा शिवणीतून फुस्कन तिच्या मनगटावर आली. लोहाराच्या भात्यासारखी. तिनं पुन्हा दाबला. पुन्हा फुस्स. आणि मग तिच्या डोक्यात आलं, की वरात मुंगीच्या पावलांनी चालते आणि चालवणारा पावलोपावली क्लच दाबतो.

सासरच्या शेताच्या धुऱ्यावर खाजकुयली वाळून तयारच होती. हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि तोंडाला ओढणी बांधून तिनं शेंगांवरची सोनेरी लव डब्यात खरवडून आणली. क्लचचा बूट काढला, एक शिवण उसवली, दोन पदरांच्या मध्ये लव भरली आणि पुन्हा शिवून टाकला. घोट्याच्या बाजूला आरीनं बारीक भोकं पाडली. ब्रेकच्या बुटाजवळ मात्र तिनं एक कुसळही जाऊ दिलं नाही. माणूस मारायचा नव्हता, नाचवायचा होता.

लग्नाच्या दिवशी वरात वाजतगाजत निघाली. सुमीत रेडिमेड धोतर नेसला होता आणि टोकदार मोजड्या पेडलात अडकतात म्हणून अनवाणी बसला होता. पौर्णिमा दुकानाच्या पायरीवर उभी होती. पहिल्यांदा त्यानं घोटा घासला. मग पोटरी. मग धोतरात हात घातला. लोकांना वाटलं नवरदेव रंगात आला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. चोळलेले हात मानेला लागले, मानेचे गालाला, आणि लॉनच्या फाटकाशी गाडी बंद पाडून तो खाली उतरला तेव्हा सगळं अंग ओरबाडत होता. कुणी पाणी ओतलं, तशी खाज दुप्पट झाली. ओवाळायला आलेली नवरीची आई ताट घेऊन एक पाऊल मागे सरली. “अंगाले रोग दिसते,” मागून कोणीतरी बाई म्हणाली, आणि तो शब्द वाऱ्यासारखा फिरला. गाडीत खाजकुयली कुठून येणार, म्हणून जाणत्या म्हाताऱ्यांनाही ते सुचलं नाही. पौर्णिमाला इतकं बरं वाटत होतं, की हसू दाबायला तिला ओठ चावावे लागले.

मग ती पुढे झाली. याच्यावरचं औषध आपल्याला ठाऊक आहे, असं तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. सुमीतनं तिला ओळखलं.

“पौर्णिमाताई, काईतरी करा.”

“करीन. आधी सांग, काजलच्या पाठीवर काय होतं?”

तो इकडेतिकडे पाहू लागला. ती थांबली. घाई तिला नव्हती.

“काई नव्हतं,” तो पुटपुटला.

“बँडवाल्यायले ऐकू नाई आलं.”

“काई नव्हतं तिले,” तो रडकुंडीला येऊन ओरडला. “हे स्थळ भेटलं म्हणून मीच उठवलं ते.”

बँड केव्हाच थांबला होता. पौर्णिमानं शांतपणे सांगितलं, की खाजकुयली लागली आहे, ताजं शेण चोळा. म्हाताऱ्यांनी कपाळावर हात मारले. शेजारच्या ढाब्याच्या गोठ्यातून घमेलं आलं, आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला गुडघ्यापासून गालापर्यंत शेणानं सारवलं. गजेंद्रनं एकदा क्लचकडे पाहिलं, एकदा पौर्णिमाकडे, आणि तो गर्दीत मागे सरला. हळूहळू खाज उतरली. झालं गेलं विसरा, मुहूर्त टळून राह्यला, म्हणून सुमीतची आई सगळ्यांच्या विनवण्या करू लागली.

पण बँड का थांबला म्हणून शाल्मली फाटकाशी आली होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

“उद्या मी नकोशी झाली, तर माझ्या अंगात काय काढाल?” तिनं विचारलं.

सुमीत गालावरचं शेण पुसू लागला. शाल्मलीनं कपाळावरच्या मुंडावळ्या सोडून वडिलांच्या हातात दिल्या. ते जेवणावळीबद्दल, पाहुण्यांबद्दल काही बोलणार होते. त्यांनी एकदा सुमीतकडे पाहिलं आणि मुंडावळ्या खिशात घातल्या.

पौर्णिमानं एवढं मागितलं नव्हतं. पण मिळालेलं तिनं परतही केलं नाही. दुकानात येऊन तिनं पवनारला फोन लावला आणि काजलला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. शेणाचं तर दोनदा सांगितलं. त्यानं तोंडानं कबूल केलं, साऱ्या गावासमोर, आता तुझ्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती नाही, म्हणाली. काजल हसेल, निदान रडेल तरी, म्हणून ती वाट पाहत राहिली.

“त्या पोरीची वरात दारातून वापस गेली ना ताई,” काजल म्हणाली. “लोक आता तिच्यात काय काढतीन?”

पौर्णिमानं बाहेर पाहिलं. लॉनच्या फाटकाशी बाया घोळक्यानं उभ्या होत्या, आणि तोंडाला पदर लावून त्यांचं बोलणं सुरू झालं होतं.